उताऱ्याबाहेर जायचं नाही

त्या संध्याकाळी लिफ्टकाकांनी पाचव्या मजल्यावर जाळीचं दार सरकवलं आणि क्लास सुटलेली पोरं आत शिरली. शिरली ती गप्प. प्रत्येकानं आधी काकांकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळी मान वर करून लिफ्टच्या छताकडे बघत उभी राहिली. आता ही पोरं आणि गप्प! एरवी यांचा असा कालवा असायचा की लिफ्ट वरून निघाली हे तळमजल्यावरच्या झेरॉक्सवाल्याला आवाजावरूनच कळायचं. काकांनी हळूच शर्टाची बटणं चाचपली. जागच्या जागी होती. पँटची चेन पाहिली, तीही नीट होती. तोंडाला काही लागलंय का म्हणून हात फिरवून पाहिला, काही नव्हतं. तेवढ्यात एक मुलगी फिसकन हसली आणि दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं.

"काय झालं गं?" काकांनी विचारलं.

"काही नाही काका," ती म्हणाली, आणि तळमजला येताच सगळी भर्रकन पसार झाली.

बारकी त्यांच्यात नव्हती. बारकी म्हणजे काकांची धाकटी लेक. ती त्याच क्लासला होती. रोज ती सगळ्यांच्या शेवटी यायची, काकांच्या स्टुलाला टेकून उभी राहायची आणि बापाबरोबर एखादी फेरी जास्तीची मारून मग घरी जायची. त्या दिवशी ती जिन्यानं उतरली आणि सरळ फाटकाबाहेर पडली. काकांना तिची फक्त वेणी आणि पाठीवरची बॅग दिसली. त्यांनी हाक मारली, पण ती ऐकू गेली नाही की ऐकली नाही, देव जाणे.

आता या लिफ्टकाकांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांचं खरं नाव त्या इमारतीत कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. इमारत जुनी, पाच मजली, वरपासून खालपर्यंत ऑफिसंच ऑफिसं. लिफ्टही तेवढीच म्हातारी. बटण दाबलं आणि गेलो वर, असली ती लिफ्ट नव्हे. आत एक पितळी मूठ होती. ती एका बाजूला दाबली की लिफ्ट वर जायची, दुसऱ्या बाजूला दाबली की खाली, आणि मजला आला की नेमक्या वेळी मूठ सोडायची. जरा उशीर झाला की माणूस भिंतीसमोर उभा. काका ऐन तारुण्यात ती दुरुस्त करायला आलेल्या मेकॅनिकच्या हाताखाली आले होते. मेकॅनिक गेला, काका राहिले. बसायला एक स्टूल, स्टुलावर बायकोनं जुन्या पडद्याची शिवून दिलेली लाल उशी. आणि तोंडी एक वाक्य. पाचव्या मजल्यावर लिफ्ट काही केल्या सपाट लागायची नाही, वीतभर खालीच राहायची. म्हणून पाचवा आला की काका म्हणायचे, "पाय उचलून!" साहेब असो, शिपाई असो, कुरिअरवाला असो, सगळ्यांना तेच. झोपेतसुद्धा एकदा म्हणाले होते, असं त्यांची बायको सांगते.

माणूस बोलका. पण लिफ्टमधल्या गप्पा त्या केवढ्याशा? सुरू होतात न होतात तोच दार उघडतं. त्यामुळे काकांना त्या इमारतीतल्या शेकडो गोष्टींची सुरुवात माहीत होती आणि शेवट एकाचाही नाही.

आणि इंग्रजी हा काकांचा जुना घाव. शाळेत बाकी सगळ्या विषयांत बरे होते, पण इंग्रजीनं घात केला. पुन्हा बसले, पुन्हा आपटले, मग वडील म्हणाले आता पुरे, आणि लावलं कामाला. तेव्हापासून समोर कुणी इंग्रजी बोलायला लागलं की हा माणूस नकळत ताठ बसायचा. थोरल्या लेकीला शिकण्याची आवड नव्हती, ती लग्न होऊन सुखानं नांदत होती. बारकीला मात्र विद्यापीठात जायचंच होतं. विद्यापीठाच्या दारात प्रवेशपरीक्षा ठाण मांडून बसलेली, आणि त्या परीक्षेत निम्मा पेपर इंग्रजी उताऱ्यांचा. उतारा वाचा, खालचे प्रश्न सोडवा, चारांतला एक पर्याय निवडा.

पाचव्या मजल्यावर सरांचा त्याचाच क्लास होता. सर म्हणजे उंच, किडकिडीत माणूस, खांद्याला कापडी पिशवी, सदा कसल्यातरी विचारात. काकांनी एकदा तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मधे भीत भीत लेकीचा विषय काढला. सर म्हणाले, "उद्यापासून पाठवा की." फीचं विचारायला काकांनी तोंड उघडलं, तर सर पाय उचलून निघूनही गेले. त्या दिवसापासून काका सरांसाठी जीव टाकायला तयार होते.

घरी रोज सराव चालायचा. बारकी टेबलाशी, समोर काका गजराचं घड्याळ घेऊन, आणि आईला भांडी वाजवायची बंदी. सरांनी नियम घालून दिले होते. आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. ओठ हलवायचे नाहीत. आणि सगळ्यात मोठा नियम, उताऱ्याबाहेर जायचं नाही. तुम्हाला काय माहीत आहे, तुम्हाला काय वाटतं, ते सगळं दाराबाहेर ठेवा. कागदावर आहे तेवढंच खरं. काकांना हे भारी जड जायचं. एकदा उतारा होता एका बेटावरच्या दीपगृहात एकट्याच राहणाऱ्या म्हाताऱ्याचा. वादळ येतं, नाव यायची बंद होते, आणि उतारा संपतो.

"मग त्याचं काय झालं?" काकांनी विचारलं.

"उताऱ्यात नाही, बाबा."

"अगं पण खायला काय असेल बिचाऱ्याकडे?"

"उताऱ्याबाहेर जायचं नाही म्हटलं ना!"

काका गप्प बसले, पण दोन दिवस त्यांच्या डोक्यातून तो म्हातारा जाईना. कसली ही परीक्षा! माणसाला बेटावर सोडायचं आणि खुशाल खाली प्रश्न विचारायचे!

तर त्या गप्प संध्याकाळी काका घरी पोचले तेव्हा बारकी टेबलाशी बसली होती, पण समोर पुस्तक नव्हतं. "मी उद्यापासून क्लासला जाणार नाही," ती म्हणाली.

"बरं वाटत नाही का?" आईनं विचारलं.

"परीक्षेलाही बसणार नाही."

आई हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली. परीक्षा पंधरवड्यावर आलेली, वर्षभर पोरीनं रक्त आटवलेलं, आणि आता हे काय मधेच? आईनं गोडीनं विचारलं, मग रागावून विचारलं. बारकीचं एकच, नाही म्हणजे नाही. आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. काकांनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं काकांकडे. दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्यानंच काहीतरी केलंय.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ती फिसकन हसणारी मुलगी नेमकी एकटी सापडली. तिसरा मजला यायच्या आत काकांनी विषय काढला.

"काका, कुणाला सांगू नका हं मी सांगितलं म्हणून," ती म्हणाली. "पुस्तकातले सगळे उतारे आमचे पाठ झालेत. म्हणून हल्ली सर स्वतःच लिहितात. काल त्यांनी तुमच्यावर उतारा काढला."

"माझ्यावर? इंग्रजीत?"

खोटं कशाला सांगा, काकांना आधी आनंदच झाला. ज्या इंग्रजीनं त्यांना आयुष्यभर दारात उभं केलं नाही, त्या इंग्रजीत आता ते स्वतः जाऊन बसले होते!

"बारकीला राग आला असणार," मुलगी म्हणाली. "मलाही आला असता."

"का गं? वाईट काही लिहिलंय का?"

पण पाचवा आला होता. मुलगी पाय उचलून गेली.

आता काकांच्या जिवाची घालमेल सुरू झाली. राग येण्यासारखं काय असेल? त्यांनी दुपारी झेरॉक्सवाल्याला गाठलं. सरांचे उतारे त्याच्याकडेच छापायला यायचे आणि बिघडलेल्या प्रती तो पाठकोऱ्या म्हणून ठेवायचा. त्यानं एक काळपट आलेली प्रत शोधून काढली आणि मशिनवर कोपर टेकून वाचायला लागला. त्याचं इंग्रजी म्हणजे अर्धं वाचायचं आणि उरलेलं ठोकून द्यायचं.

"एक माणूस आहे. तो लोकांना वर नेतो. रोज वर नेतो. काका, वर नेतो म्हणजे चांगलंच की! प्रगती! सगळ्यांना पुढे नेणारा माणूस. अहो, स्तुती आहे ही. फ्रेम करून लिफ्टमध्ये लावा, रंगीत प्रिंट काढून देतो."

"नक्की स्तुती आहे?"

"आता हे खाली प्रश्न आहेत. चौथा बघा. लेखकाला या माणसाबद्दल काय वाटतं? पर्याय चार. कौतुक, कीव, टिंगल, तटस्थ."

"मग उत्तर काय?"

"ते वरती सरांकडे. आपल्याकडे नुसता कागद येतो."

काकांनी कागद घडी करून खिशात टाकला. कौतुक, कीव, टिंगल, तटस्थ. मूठ दाबताना मनात तेच, सोडताना तेच. त्या दिवशी दोनदा मजला चुकला.

दुसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब लिफ्टमध्ये शिरले तेव्हा काकांनी कागद पुढं केला. साहेबांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "'तो दिवसभर प्रवास करतो आणि कुठंच पोचत नाही.' अरे वा! 'तळमजल्यावरच्या एका खोलीत तो एकटा राहतो. त्याची बायको केव्हाच वारली आहे.' काका, वहिनी वारल्या? आम्हाला कळवायचं तरी!"

"काय बोलता साहेब! सकाळी डबा दिलाय तिनं!"

"मग ही सरळसरळ बदनामी आहे. जिवंत बायकोला मारणं म्हणजे काय खेळ आहे का? नोटीस धाडू." दुसरा मजला येऊन गेला होता, वर कुणीतरी घंटा बडवत होतं, पण साहेब उतरायला तयार नव्हते. "तुम्ही फक्त हो म्हणा."

"पण साहेब, कौतुक की टिंगल?"

"ते कोर्ट ठरवील," साहेब म्हणाले.

चौथ्या मजल्यावरच्या विमा ऑफिसातल्या मोठ्या बाई फार वाचणाऱ्या. त्यांनी उतारा वाचला, डोळे मिटले आणि लिफ्टच्या जाळीवर हात ठेवला. "लिफ्टकाका, हे तुम्ही नव्हेच. हे आपण सगळे आहोत. ही लिफ्ट म्हणजे आयुष्य."

"म्हणजे बाई, कौतुक की कीव?"

"दोन्हीच्या पलीकडचं आहे ते."

पलीकडचं! तो पर्याय तर चारांत नव्हताच. काका पुरते चक्रावले. एकच कागद, तीच अक्षरं, आणि एक म्हणतो फ्रेम करा, दुसरा म्हणतो नोटीस द्या, तिसरी म्हणते हे तुम्ही नाहीतच. आपल्याला राग यायला हवा की आनंद व्हायला हवा, एवढं साधंही त्यांना ठरवता येईना. सर रोज येत होते, "नमस्कार काका" म्हणत होते. काका आता तो नमस्कारही कान देऊन ऐकायला लागले. यात टिंगल आहे का? नमस्कार जरा लांबवला का आज?

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. बारकी आतल्या खोलीत होती आणि दार नुसतं लोटलेलं होतं, तरी सांगितलं.

"मला मारलं?" बायको म्हणाली. "मी त्या माणसाचं काय घोडं मारलं होतं?"

"आणि मी तळमजल्यावर राहतो."

"मग हे तीन जिने मी रोज कुणासाठी चढते? अहो, हे तुमच्यावर नाहीच मुळी. दुसराच कुणी असेल."

"लाल उशी आहे त्यात, वकीलसाहेबांनी वाचून दाखवली. 'पाय उचलून' आहे."

बायकोचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे उशी ठेवली आणि उशी शिवणारीला मारलं! वा रे वा!"

काकांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. आतून काही आवाज आला नव्हता. चार-पाच दिवस झाले, पोरगी नीट जेवत नव्हती, पुस्तकाला हात लावत नव्हती, बापाच्या नजरेला नजर देत नव्हती. आणि परीक्षा काही कुणासाठी थांबणार नव्हती. काकांना एवढंच कळत होतं की सरांनी खरोखर टिंगल केली असेल तर पोरीचं बरोबर आहे, ज्यानं बापाचं हसं केलं त्याच्या दारात तिनं जाऊ नये, परीक्षा गेली खड्ड्यात. पण टिंगल नसेल, तर ही पोर नुसत्या गैरसमजापायी वर्ष फुकट घालवतेय. सगळं त्या चौथ्या प्रश्नावर येऊन अडलं होतं. आणि उत्तर होतं एकाच माणसाकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर एकटेच लिफ्टमध्ये आले. तिसरा मजला गेला. चौथा यायच्या आत काकांनी मूठ सोडून दिली. लिफ्ट मधेच, भिंतीसमोर उभी राहिली. इतक्या वर्षांत काकांनी असं कधी केलं नव्हतं.

"बंद पडली का?" सरांनी विचारलं.

"नाही सर. मी थांबवली. चौथ्या प्रश्नाचं उत्तर काय?"

"कुठल्या चौथ्या?"

"लाल उशीवाल्या."

सरांचा चेहरा पडला. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली. "काका, तुम्हाला राग आलाय."

"तेच ठरवायचंय. आधी उत्तर सांगा, मग ठरवतो."

"तटस्थ," सर म्हणाले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे आवड नाही आणि नावडही नाही. लेखक नुसता बघतोय."

काकांनी बाकीच्या तिन्हींची तयारी ठेवली होती. टिंगल निघाली तर चार शब्द सुनावणार होते. कीव निघाली तर म्हणणार होते, ठेवा तुमची कीव तुमच्यापाशी. पण तटस्थ माणसाला म्हणायचं काय? त्यांना वाईट वाटलं. इतकं वाईट तर शाळेत नापास झाल्यावरही वाटलं नव्हतं.

"सर, तुमच्या आईला तुमचा क्लास बघायचा होता," ते म्हणाले. "पाय सुजलेले होते त्यांचे. मी त्यांना खुर्चीसकट आत घेतलं, खुर्चीसकट पाचव्यावर उतरवलं. तेव्हा तुम्ही माझे दोन्ही हात धरले होते. ते तटस्थ होतं?"

"ते मी होतो, काका. हा लेखक."

"लेखक तुम्हीच ना?"

"लिहिलंय मीच. पण उत्तर लेखकाचं असतं, माझं नसतं."

काकांनी मूठ धरली, पण दाबली नाही.

"कसं सांगू तुम्हाला," सर घाईघाईनं म्हणाले. "मला विषयच सुचत नव्हता. मधमाश्या झाल्या, हिमनद्या झाल्या. लिफ्टमधून वर गेलो आणि तुमच्यावर लिहायला बसलो. मग वाटलं, कुणी ओळखलं तर? म्हणून घर बदललं, माणसं काढून टाकली, वहिनींना... वहिनींची माफी मागतो मी. परीक्षेत जसे उतारे असतात तसा कोरडा करत गेलो."

"मग उशी कशाला ठेवली?"

सरांनी स्टुलावरच्या उशीकडे पाहिलं. खालून आणि वरून घंटा वाजायला लागल्या होत्या.

"काढून बघितली होती," ते म्हणाले. "काढवेना."

काकांनी मूठ दाबली आणि लिफ्ट हलली.

"एक विचारायचं होतं," सर म्हणाले. "बारकी का येत नाही? त्या उताऱ्याचे सगळेच्या सगळे प्रश्न अख्ख्या क्लासमध्ये तिनं एकटीनं बरोबर सोडवले. चौथासुद्धा. बाकीची पोरं तुम्हाला ओळखून भलतीकडेच वाहवत गेली, कुणी कौतुक लिहिलं, कुणी कीव. पहिला कागद तिनंच आणून दिला. हसत होती."

"हसत होती?"

"हसत होती. मला वाटलं, किती खंबीर मुलगी आहे."

पाचवा मजला आला. काका 'पाय उचलून' म्हणायचं विसरले आणि सर चांगलेच ठेचकाळले.

संध्याकाळभर काका तेच घोळवत राहिले. राग आला असता तर हसली कशी असती? आणि हसत कागद दिला तर मग परीक्षेवरच पाणी का सोडलं? इतके दिवस ते सरांचं मन ओळखायला धडपडत होते, आणि कोडं तर घरातच बसलं होतं.

घरी गेल्यावर त्यांनी चप्पलही काढली नाही. बारकी टेबलाशी होती. "सरांना भेटलो," ते म्हणाले. "तुझे सगळे प्रश्न बरोबर आलेत. एकटीचे."

हे ऐकलं आणि पोरगी हुंदके देऊन रडायला लागली. आई आतून धावत आली. काका तसेच चपलेनिशी उभे. आनंदाची बातमी सांगितली आणि ही रडते!

"म्हणूनच तर," बारकी म्हणाली. "म्हणूनच तर, बाबा."

"अगं नीट सांग."

"सरांनी कागद वाटले. मी आधी प्रश्न वाचले, मग उतारा. लाल उशी वाचली. 'पाय उचलून' वाचलं, त्यावर दुसरा प्रश्नच होता, तो माणूस रोज काय सूचना देतो म्हणून. खूण केली, पुढे गेले. वेळेच्या आत संपवलं आणि हसत हसत कागद देऊन आले. वळून बघते तर सगळे माझ्याकडे बघतायत. मला कळेचना का ते. मग मैत्रीण म्हणाली, अगं, हे तुझे बाबा ना?" तिनं मनगटानं डोळे पुसले, ते पुन्हा भरून आले. "अख्ख्या क्लासला तुम्ही दिसलात. मला नाही दिसलात. रोज मी त्या उशीला टेकून उभी राहते, आणि मी नुसती उत्तरं शोधत होते. चौथ्याला काय लिहिलं माहितीय ना मी? तटस्थ. सर कसले तटस्थ, मीच तटस्थ निघाले. आत्ताच माझं असं झालंय, तर विद्यापीठात जाऊन काय होईल? मला नको ते."

काकांना हे सगळं एकदम समजलं असं नाही. पण आपली लेक आपल्यापायी रडतेय आणि तिचा काही एक दोष नाही, एवढं कळलं. ते खुर्चीत बसले.

"हे बघ," ते म्हणाले. "मला तीन जणांनी तो उतारा वाचून दाखवला. तू आहेस त्यात, असं आधी सांगून दाखवला. तरी मला मी काही दिसलो नाही. मी आपला विचारतोय, कोण हा बिचारा, बायको मेलेला. तुला तर कुणी सांगितलंही नव्हतं."

"मी तर मेलेलीच होते," आई म्हणाली. "मला कुठून दिसणार?"

बारकी रडता रडता हसली. काकांनी खिशातून ती काळपट प्रत काढली आणि घडी उलगडून तिच्यापुढं ठेवली. "मला एकदा पुरता वाचून दाखव. मराठीत. मला आजवर हा एकेका मजल्यापुरताच कळलाय."

ती वाचायला लागली. "'एका जुन्या इमारतीत एक लिफ्टवाला आहे. तो तळमजल्यावरच्या एका खोलीत राहतो.'"

"तिसऱ्या मजल्यावर," काका म्हणाले. "दोन खोल्यांत."

"'त्याची बायको केव्हाच वारली आहे.'"

"त्याच्या तोंडात माती पडो," आई म्हणाली.

"'तो एका लाल उशीवर बसतो. ती कुठून आली ते त्याला आता आठवत नाही.'"

"आठवत नाही काय? बेडरूमचा पडदा होता तो! मी शिवलीय, उसवली तेव्हा परत शिवलीय!"

असं करत करत, दर ओळीला भांडत, उतारा शेवटाला आला. बारकीचा आवाज जरा खाली गेला. "'संध्याकाळी सगळे निघून गेल्यावर तो पुन्हा वरच्या मजल्यावर जातो, दार उघडतो आणि काही वेळ रिकाम्या बोळाकडे बघत उभा राहतो.' संपला."

"झालं?"

"त्यावर पाचवा प्रश्न आहे. तो असा का उभा राहतो? पर्याय आहेत, थकव्यामुळे, सवयीमुळे, एकटेपणामुळे. आणि शेवटचा, उताऱ्यात कारण दिलेलं नाही." तिनं कागद खाली ठेवला. "तेच उत्तर बरोबर आहे. मी तेच दिलं."

"बरोबरच आहे की. दिलेलं नाहीच."

"का उभे राहता, बाबा?"

काकांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "अगं, तू सगळ्यांच्या शेवटी येतेस ना," ते म्हणाले. "तुझी वाट बघत असतो."

आईनं पदर तोंडाशी नेला. बारकी उठली, खिडकीतलं गजराचं घड्याळ आणलं, बापासमोर ठेवलं आणि पुस्तकातला नवा उतारा उघडून बसली.